माणशी एक डबा

"प्या," दाऊद पारकर म्हणाला. "म्हातारा म्हणतो, पाणी चांगलं आहे ना, मग आधी तुम्ही प्या."

वाडगा ॲल्युमिनियमचा होता आणि त्यातले पाणी पोपटी हिरवे होते. माझ्यासमोर साठ-सत्तर माणसे उभी होती. त्यांच्या मागे, जरा अंतरावर, बायकांनी आपापले वीस लिटरचे डबे वाळूत उलटे केले होते. वाळूवर ठिकठिकाणी हिरवे डाग पडले होते.

"पारकर, त्यांना पुन्हा सांगा. हा नुसता रंग आहे. प्रवाहाचा वेग मोजायला टाकतात. डोळ्यांचे डॉक्टर हाच रंग माणसाच्या शिरेत टोचतात."

पारकरने अरबीत सांगितले. म्हाताऱ्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि चार शब्दांत उत्तर दिले.

"तो म्हणतो, शिरेत चालतो तर घशाला काय धाड भरलीय?"

युक्तिवादात खोट नव्हती. मी प्यालो. म्हाताऱ्याने वाडगा परत घेतला, पाटात बुडवला आणि पुन्हा माझ्यापुढे धरला. दुसरा वाडगाही मी प्यालो. मग तो काहीतरी बोलला आणि पुढच्या रांगेतली माणसे पुढे सरकली.

"जीभ दाखवायला सांगतोय," पारकर म्हणाला.

मी पिवळी झालेली जीभ दाखवली. सगळे गाव हसले. त्यांच्या हसण्याचे मला विशेष वाटले नाही. ती माणसे माझी कोणी नव्हती. परंतु पारकरही हसला. तो बाणकोटचा होता आणि दीडशे किलोमीटरच्या परिघात मराठी समजणारा तो एकटाच होता.

चूक माझी होती. त्या गावात डोंगराखालच्या बोगद्यातून पाण्याचा पाट येतो. तो जिथे उघड्यावर येतो तिथे प्रथम पिण्याचे पाणी भरतात. त्याखाली पुरुषांची न्हाण्याची जागा, त्याखाली बायकांची, मग मशीद आणि शेवटी खजुराच्या बागा. हा क्रम किमान चारशे वर्षे कोणी मोडलेला नव्हता. सकाळी सात वाजता, ऐन पाणी भरण्याच्या वेळी, बोगद्याच्या तोंडाशी चाळीस ग्रॅम रंग टाकणारा मी पहिलाच. आदल्या दिवशी मी पारकरला रंगाबद्दल सांगितले होते, वेळेबद्दल नाही. मोजणी मात्र व्यवस्थित झाली. सेकंदाला साडेसात लिटर. म्हणजे दिवसाला सहा लाख अठ्ठेचाळीस हजार.

हे १९८५ सालच्या ऑक्टोबरमधले. देशाचे नाव इथे महत्त्वाचे नाही. तिथे वर्षाला ऐंशी मिलिमीटर पाऊस पडतो, तोही पडलाच तर. वीस वर्षांत तिथली लोकसंख्या दुप्पट झाली होती आणि पाणी होते तेवढेच होते. ज्या सल्लागार कंपनीत मी भूजलतज्ज्ञ होतो, तिला सरकारने एकतीस गावे नेमून दिली होती. काम सोपे होते: प्रत्येक गावाचा प्रवाह मोजायचा, डोकी मोजायची, भागाकार करायचा. माणशी दिवसाला हजार लिटरच्या वर पाणी निघाले, बागांसकट, तर गाव तगण्याजोगे. त्याला मदतीची खोल विहीर मिळणार आणि बोगद्याची दुरुस्ती होणार. हजाराच्या खाली निघाले, तर गाव उठवून सपाटीवरच्या नव्या वसाहतीत न्यायचे आणि त्याचे पाणी नळाने बंदराच्या शहराला द्यायचे.

हा निकष आम्हाला बंद पाकिटात मिळाला होता. तो गावकऱ्यांना सांगायचा नव्हता, दुभाष्यालाही नाही. निकष कळला तर लोक माणसे लपवतील, असे कारण त्यात दिले होते. निकष कळला नाही तर लोक काय करतील, याचा विचार पाकीट लिहिणाऱ्याने केलेला नव्हता. गावाला एवढेच ठाऊक होते की मोजणी होणार आणि तिच्यावरून विहिरीचा निर्णय होणार.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी मी डबे मोजले. बायका येत, डबा भरत, जात. मी खडकाच्या सावलीत बसून वहीत रेघा मारत होतो. एका दिवशी चारशे नऊ डबे भरले, दुसऱ्या दिवशी चारशे पंधरा. मधल्या वेळात बारा घरांत जाऊन किती माणसे आहेत आणि किती पाणी लागते ते पाहिले. न्हाणे आणि धुणे पाटावरच होत असल्याने घरात फक्त पिण्या-रांधण्याचे पाणी येई, आणि ते जवळजवळ नेमके माणशी एक डबा होते. गावात चारशे बारा माणसे होती. दहा टक्के चूक धरली तरी साडेचारशेच्या फार वर जात नव्हती. मी वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ४१२ लिहिले आणि मनात भागाकार केला. पंधराशे सत्तरच्या आसपास. हे गाव राहणार होते.

म्हातारा दोन्ही दिवस माझ्यासमोरच होता. त्याचे नाव खलफान. वय सत्तरच्या पुढे, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. बागांना पाण्याच्या पाळ्या वाटून देणारा गावचा मुखत्यार तो होता. अंगणाएवढ्या सपाट जागेत एक काठी रोवलेली होती आणि जमिनीवर दगडांच्या खुणा होत्या. काठीची सावली एका खुणेवरून दुसरीवर गेली की एकाची पाळी संपे. म्हातारा हाक देई आणि खाली कोणीतरी मातीचा बांध फोडी.

"त्यांना विचारा," मी पारकरला म्हणालो, "घड्याळ का वापरत नाहीत?"

"म्हणतो, घड्याळ ज्याच्या मनगटावर, वेळ त्याची."

"आणि आभाळ आलं तर?"

म्हातारा पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहून बोलला.

"म्हणतो, आभाळ आलं तर आम्ही भांडत नाही. आनंद करतो." पारकरने विडी शिलगावली. "बरोबर हाय त्याचं. उगाच काय विचारता, साहेब?"

मी खुणांच्या मधले अंतर मोजू लागलो. काही खुणांमध्ये हातभर अंतर होते, काहींमध्ये जेमतेम दोन बोटे. म्हाताऱ्याने बोटे जमिनीवर टेकवून दाखवली आणि बराच वेळ बोलला. पारकरने विडी हातात धरूनच भाषांतर केले.

"त्याच्या आज्याची पाळी हातभर सावलीची होती. सात पोरगे झाले, सात वाटण्या. त्यांचे पोरगे, त्यांच्या वाटण्या. आता नातवाला दोन बोटं येतात. तेवढ्यात पाणी बागेपर्यंत पोचतसुद्धा नाय, वाटेतच जिरतं. म्हणून अर्धे पोरगे बंदरात हमाली करतात. म्हणतो, माणसं वाढली, सूर्य काय वाढला नाय."

हे मी वहीत लिहून घेतले. आमच्या कंपनीच्या अहवालातल्या चाळीस पानांच्या प्रस्तावनेत याहून अधिक काही नव्हते.

म्हातारा आणखी काही बोलला. पारकर नुसताच हसला.

"काय म्हणाला?"

"काय नाय."

"पारकर, भाषांतराचा पगार घेता तुम्ही."

"मग ऐका. म्हणतो, असल्या जिभेच्या माणसानं मोजलं तर पाण्यालासुद्धा लाज वाटेल."

रंग जिभेवरून अजून गेलेला नव्हता. लघवीचा रंगही मी नोंदवून ठेवला होता; शास्त्रीय दृष्ट्या तो अपेक्षेप्रमाणेच होता.

चौथ्या दिवशी शिरगणती सुरू झाली. मशिदीशेजारच्या बैठकीत मी टेबल मांडले. घरातला कर्ता पुरुष येई, बरोबर घरातले बाप्ये आणि मुलगे. बायका आणि तान्ही मुले तो तोंडी सांगे. पारकर नावे सांगत होता, मी लिहीत होतो. पहिल्या तासाभरातच मला कुटुंबे मोठी वाटू लागली. ज्या घरात मी स्वतः सहा अंथरुणे पाहिली होती, त्या घराने अकरा नावे दिली.

अकराच्या सुमारास सालिम नावाचा माणूस एका आंधळ्या वृद्धाला हात धरून घेऊन आला. वृद्धाच्या दाढीला मेंदी होती आणि त्याला खोकला होता. हुमैद, सालिमचा आजा. मी लिहिले. दुपारी तीन वाजता नासिर नावाचा माणूस एका आंधळ्या वृद्धाला हात धरून घेऊन आला. दाढीला मेंदी होती. तो खोकला.

"नाव?"

"मुबारक," पारकर म्हणाला. "नासिरचा चुलत आजा."

वृद्धाने टेबलाची कड चाचपली, तिथेच जिथे सकाळी चाचपली होती, आणि खुर्ची न शोधता बरोबर खुर्चीवर बसला. मी मुबारक लिहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यादी संपली. सातशे नव्वद.

मी जीपच्या सावलीत बसून बेरीज तीनदा पडताळली. पारकर टायरला टेकून खजूर खात होता.

"पारकर, हुमैद दोनदा आला."

"आंधळा माणूस, साहेब. वाट चुकला असेल."

"यांना कोणी शिकवलं हे?"

तो बिया एकेक करून दूर फेकत राहिला. मग म्हणाला, "मीच. काय करणार आहात?"

"खोटी यादी करायला लावलीत तुम्ही."

"खोटी कशी? बंदरातले पोरगे त्यांचेच ना? ईदला येतात, तेव्हा काय उपाशी ठेवतात त्यांना? पोरी लग्न होऊन गेल्या, त्या काय मेल्या? आणि चार मेलेले असतील, तर असू देत." तो माझ्याकडे वळला. "आमच्या घरच्या रेशनकार्डावर माझा चाचा आहे. त्रेसष्ट साली गेला. अजून साखर खातो. तुमच्या कार्डावर कोण आहे?"

सोलापूरला आमच्या कार्डावर माझी आजी होती. तिच्या मृत्यूनंतर नऊ वर्षे तिची साखर मी स्वतः रांगेत उभे राहून आणलेली होती.

"म्हातारा तयारच नव्हता," पारकर म्हणाला. "मोजमापात खोटं नको, म्हणून अडून बसला. मी म्हटलं, बाबा, सरकार असंच असतं. जितकी डोकी तितकं पाणी. आणि मागाल त्याच्या अर्धंच देतं. हे साहेब मोजणार, यांचा गोरा साहेब त्यातून कापणार, त्याच्या वरचा आणखी कापणार. आठशे लिहिले तर चारशेंची विहीर पदरात पडेल. चारशे लिहिले, तर बसा बोंबलत. दोन दिवस घातले मी त्याला समजवायला."

"तुम्हाला काय मिळणार आहे यातून?"

"मला?" त्याचा आवाज चढला. "बारा वर्षं या मुलखात आहे मी. कॅम्पात कुत्र्यासारखं जेवण. या म्हाताऱ्यानं पहिल्या दिवशी मला ताटात बसवून घेतलं. आणि तुम्ही? सहा महिने झाले, एकाच जीपमधून फिरतो, कधी विचारलंत घरी कोण आहे? लिहा ना आठशे! पाणी तुमच्या बापाचं आहे काय?"

पाणी माझ्या बापाचे नव्हते. त्या क्षणी एक वाक्य पुरले असते. पारकर, आकडा वाढला की गाव उठते. पाच-सहा शब्द. पाकिटातली सूचना मोडली असती, पण सूचना मोडल्याबद्दल त्या कंपनीत कोणाला फाशी झाल्याचे मी ऐकले नव्हते. मी खरोखरच तोंड उघडले.

पारकरने माझ्याकडे निरखून पाहिले आणि तो हसला.

"अजून पिवळीच आहे की जीभ, साहेब."

मी तोंड मिटले.

सहाव्या दिवशी, सूर्य डोंगरावर आला तेव्हा, म्हातारा एकटाच जीपपाशी आला. यादीवर त्याची मोहर हवी होती. मोहर त्याच्या करंगळीतल्या अंगठीवर होती. मी कागद बॉनेटवर पसरला. त्याने तो वाचला नाही. पारकरला जवळ बोलावले आणि माझ्याकडे पाहत, थांबत थांबत बोलू लागला. पारकरचे भाषांतर प्रथमच हळू आवाजात होते.

"म्हणतो, पन्नास वर्षं मी सावली मोजतोय. सख्ख्या भावालासुद्धा बोटभर जास्त दिली नाय. या यादीनं मला झोप नाय. दाऊद सांगतो, सगळीकडे असंच करतात. पण दाऊद बोलणारा माणूस आहे, तुम्ही मोजणारे. मी तुम्हाला डबे मोजताना पाहिलं. मोजणारा मोजणाऱ्याला खोटं सांगत नाय." पारकर अडखळला. "म्हणतो, ही यादी बरोबर आहे का ते तुम्ही सांगा. नाय म्हणालात, तर आत्ता फाडतो आणि दुसरी करतो."

वही माझ्या खिशात होती. तिच्या कोपऱ्यात ४१२ होते.

"त्यांना सांगा," मी म्हणालो, "यादी गावाची आहे. मी फक्त भागाकार करतो."

पारकरने ते सांगितले. म्हाताऱ्याने मान डोलावली. मग त्याने अंगठी शाईत बुडवली आणि कागदावर दाबली; उजवा खांदा खाली असल्याने मोहर किंचित तिरकी उठली. नंतर त्याने कमरेचा वाडगा सोडला आणि पाटावर गेला. पाणी आणले, आधी स्वतः एक घोट घेतला आणि मग वाडगा माझ्यापुढे धरला. मी प्यालो. तो माझ्या दंडावर थोपटून काही बोलला.

"म्हणतो, त्या दिवसाचं मनात ठेवू नका," पारकर म्हणाला.

परतीच्या वाटेवर पारकर गाणे गुणगुणत होता. अहवालाच्या नमुन्यात प्रवाहाचा एक रकाना होता, शिरगणतीचा एक आणि भागाकाराचा एक. डब्यांचा रकाना नव्हता. सहा लाख अठ्ठेचाळीस हजार भागिले सातशे नव्वद: आठशे वीस लिटर. अहवालात एकही आकडा माझ्या पदरचा नव्हता. तो कोणीही तपासावा.

साडेतीन वर्षांनी, एप्रिलमध्ये, पारकर पुण्याला माझ्या घरी आला. मी त्याला पत्ता दिलेला नव्हता. तो दारातच काही क्षण थांबला, मग चप्पल काढून आत आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. केस पांढरे झाले होते. आमच्या हिने रीतीप्रमाणे पाण्याचा पेला त्याच्यासमोर ठेवला आणि ती आत गेली.

"सुट्टीवर?" मी विचारले.

"कायमचा आलो. शेवटची दोन वर्षं वसाहतीच्या कचेरीत होतो. फायली लावायचं काम." तो माझ्याकडे पाहत नव्हता. "तिथे तुमचं पाकीट वाचलं."

मी पेला त्याच्याकडे जरा सरकवला.

"गाव उठवलं, ठाऊक असेल तुम्हाला. सिमेंटच्या खोल्या दिल्यात. एक दिवसाआड टँकर येतो. बागा गेल्या. नळ टाकून पाणी बंदरात नेलं." त्याने घसा साफ केला. "म्हाताऱ्यानं खोलीच्या पुढे काठी रोवलीय. वाटायला काय नाय, नुसती सावली बघत बसतो. मशिदीत पहिल्या ओळीत उभा राहायचा, आठवतं? आता शेवटी उभा राहतो, चपलांपाशी. म्हणतो, मी एकदा खोटं मोजलं म्हणून गाव गेलं."

"गाव निकषामुळे गेलं."

"तेच सांगायला गेलो होतो मी. निघायच्या आधी. सगळं सांगितलं, पाकीट, हजार लिटर, सगळं. त्यानं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं. त्या मोजणाऱ्याला माहीत होतं का, यादी खोटी आहे? मोहर उठवायच्या आधी मी त्याला विचारलं होतं, तेव्हा त्याला माहीत होतं का?"

आत कुकरची शिट्टी झाली.

"मी म्हटलं, नाय, बाबा. तो शिकलेला माणूस. त्याला माहीत असतं तर बोलला असता." पारकरने आता मान वर केली. "हुमैदचं तुम्ही मला विचारलं होतं, ते त्याला नाय सांगितलं. मी माझ्या मनाला समजावलं, एका आंधळ्यावरून काय कळतं? पाचपंचवीस नावं जास्त, एवढंच वाटलं असेल. पण तुम्ही दोन दिवस डबे मोजत होता. मला एवढंच सांगा, साहेब. मी त्याला खरं सांगितलं का खोटं?"

वही तीन हातांवरच्या कपाटात होती. ती काढायची गरज नव्हती.

"चारशे बारा," मी म्हणालो.

तो उठला. दारापाशी गेला, वाकून चपला घातल्या आणि मागे न पाहता जिना उतरला. त्याची पावले शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आली.

मी वळलो. टेबलावरचा पेला काठोकाठ भरलेला होता.